तायडे सरांची खारी विहीर

तायडे सरांच्या शोकसभेला मी अगदी मागच्या बाकावर बसले होते. अमरावतीच्या आमच्या कॉलेजातला रसायनशास्त्राचा तो जुना हॉल, वर कुरकुरणारा पंखा, पुढे टेबलावर हार घातलेला फोटो. पाच जण बोलले. सर किती साधे होते, किती हुशार होते, सरकीच्या तेलाच्या गाळातून त्यांनी समुद्रातल्या तेलविहिरींसाठी द्रव कसा तयार केला, दर्यापूर तालुक्याचं नाव कुठल्या कुठे नेलं, असं सगळं. एकही शब्द खोटा नव्हता. पण सरांनी निवृत्तीला सहा वर्षं बाकी असताना नोकरी का सोडली, हे कोणी काढलं नाही, आणि देविदासचं नाव तर कोणाच्या ओठावरही आलं नाही. मला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा मी घसा बसलाय म्हटलं. घसा चांगला ठणठणीत होता. एरवी माझी जीभ कशी कात्रीसारखी चालते हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. नेमकी लागते तेव्हाच ती टाळ्याला चिकटते. आधीही एकदा अशीच चिकटली होती. म्हणून आता लिहायला बसले.

सर बुटके, सावळे, डोक्यावर दाट केस, पायात बारा महिने चपला. खिशात पेन सापडायचं नाही, पण लिटमसच्या पट्ट्यांची चवड हमखास. कँटीनचा चहा आला की त्यात आधी पट्टी बुडवायची, मग प्यायचा. नळाचं पाणी, उसाचा रस, डोळ्यांत घालायचे थेंब, काही सुटायचं नाही. विभागप्रमुखांच्या मुलीच्या लग्नात मठ्ठ्याच्या पातेल्यात पट्टी बुडवून सर पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, की आंबटपणा जास्त झालाय, लेकराबाळांना देऊ नका. विभागप्रमुख दोन महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. सरांना त्याचा पत्ताच नव्हता. मी सांगितलं तेव्हा म्हणाले, "पण होताच ना आंबट!"

वर्गात ते पुस्तकी मराठी बोलायचे, चिडले की थेट दर्यापूर. त्यांचं चिडणं दोन गोष्टींवर. एक, नाव न लिहिलेली बाटली. "आदी नाव लिहा, मंग हात लावा," हे त्यांचं वाक्य आमच्या प्रयोगशाळेत भिंतीवर लिहायचं तेवढं बाकी होतं. दुसरी, काहीही फेकून देणं. वापरलेले गाळणकागद ते धुऊन दोरीवर पापडासारखे वाळत घालायचे. परीक्षा संपली की मुलांच्या परीक्षानळ्यांतला उरलेला ऐवजसुद्धा वेगवेगळ्या बरण्यांत भरून, चिठ्ठ्या लावून ठेवायचे. कोणी हसलं की विचारायचे, वापरून झालं म्हणजे संपलं काय? या स्वभावापायी आमच्या स्टोअररूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि या स्वभावापायीच त्यांना त्यांचा शोध लागला, हेही कबूल केलं पाहिजे.

सरांचं गाव दर्यापूरकडचं, खारपाण पट्ट्यातलं. आमच्याकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते: त्या भागात जमीन काळीभोर, पण विहिरीला लागतं ते पाणी खारट. पिता येत नाही, पिकाला देता येत नाही, आणि त्यात साबण लावला तर फेस न होता दह्यासारखा चोथा होऊन कपड्याला चिकटतो. सरांची आई तसल्या पाण्यात धुणं धुवायची आणि म्हणायची, या पान्याले साबनाचं वावडं आहे. ते वावडं काढायचं हे सरांनी लहानपणीच डोक्यात घेतलं होतं. पुढे कुठल्याशा नियतकालिकात त्यांनी वाचलं की समुद्रात तेल काढणाऱ्यांचीही अडचण हीच आहे, आणि गडी जो मागे लागला तो लागलाच.

अडचण अशी. समुद्राच्या तळाखाली खडकात तेल अडकलेलं असतं. एक घट्टसर द्रव वाळू मिसळून प्रचंड दाबाने आत सोडतात, त्याने खडकाला भेगा पडतात, वाळू त्या भेगांत अडकून त्यांना मिटू देत नाही, आणि तेलाला वाट मिळते. घट्टपणासाठी बहुतेक ठिकाणी गवारीच्या बियांचा डिंक वापरतात, आपण भाजी करतो तीच गवार. पण डिंकाचा चोथा भेगांत राहतो, आणि वर आलेलं पाणी टाकायचं कुठे हा प्रश्न उरतो. भर समुद्रात एकेक पिंप बोटीने न्यायचं आणि बोटीनेच परत आणायचं. सरांचा द्रव साबणाचा होता. खाऱ्या पाण्यात तो चोथा न होता अंड्याच्या बलकासारखा दाटायचा, तेलाचा स्पर्श झाला की आपोआप पातळ व्हायचा, वर आल्यावर त्यात आम्ल टाकलं की स्निग्धांश तरंगायचा, तो काढून पुन्हा क्षार घातला की झाला परत साबण तयार. पुन्हा वापरा. सर या प्रत्येक खेपेला फेरी म्हणायचे.

मी या कथेत आले ती माझ्या अब्बांमुळे. अकोल्यात आमची कपडे धुण्याच्या साबणाची भट्टी होती. सरकीचं तेल शुद्ध करताना खाली जो काळा, घाण वासाचा गाळ बसतो तो तेलमिलमधून आणायचा आणि त्याचा साबण शिजवायचा, हा आमचा तीन पिढ्यांचा धंदा. सर तो गाळ मागायला आले आणि चार दिवस भट्टीपाशी उकिडवे बसून राहिले. अब्बा कढईत मिठाची मूठ टाकत आणि उलथन्यावरून ओघळणारी धार बघत. थोडं मीठ टाकलं तर माल दाटतो, जास्त टाकलं तर फाटतो. किती टाकायचं हे सरांनी विचारलं तेव्हा अब्बा म्हणाले, "मास्तर, धार बोलती है।" सरांनी हे वहीत लिहून घेतलं, खाली अब्बांचं नाव लिहिलं. पुढे जिथे जिथे भाषण दिलं तिथे हे मी अकोल्याच्या एका कारागिराकडून शिकलो असं नाव घेऊन सांगितलं. अब्बांना आयुष्यात एवढा मान दुसऱ्या कोणी दिला नाही. मी सरांची विद्यार्थिनी होते, मग त्यांच्याच प्रकल्पावर लागले.

तेल कंपनीने एकदा त्यांना हेलिकॉप्टरने समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावर नेलं. त्याआधी सरांनी समुद्र पाहिलाच नव्हता. आम्ही विचारलं, कसा आहे? तर म्हणाले, थोडा अल्कधर्मी आहे, आपल्या कामाचा आहे. हेलिकॉप्टरबद्दल अवाक्षर नाही. फक्त तिथे वापरलेल्या पाण्याच्याही प्रत्येक पिंपावर नाव असतं, हे मात्र त्यांनी आठवडाभर सगळ्यांना ऐकवलं.

रोजच्या प्रयोगाला समुद्र कुठून आणणार? सर म्हणाले, माझा समुद्र दर्यापुरात आहे. त्यांच्या मोठ्या भावाच्या, तुळशीरामच्या शेतात एक निकामी खारी विहीर होती. दर रविवारी सर कॅन घेऊन सवारीच्या जीपने गावी जायचे, विहिरीच्या पाण्यात फेऱ्या करायचे आणि कॅन शेतातल्या खोपडीत ठेवून यायचे. सातव्या फेरीलाही द्रव पहिल्यासारखाच दाटला तेव्हा त्यांचा आनंद पोटात मावेना. तुळशीरामला खडक, भेगा, वाळू सांगून काही कळेना. म्हणून सरांनी बांधावरच्या पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, पान तोडलं. त्यावर साधं पाणी ओतलं, ते ओघळून गेलं. मग द्रव ओतला, तो पानावर बसून राहिला. जिथं लावलं तिथं थांबतं, म्हणाले. हे समजलं. तुळशीरामला पक्कं समजलं.

आणि कॅनवर चिठ्ठी होती. सरांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'सातवी फेरी', आणि खाली 'निरुपद्रवी'. वहिनींनी विषाचा कॅन समजून उकिरड्यावर ओतू नये म्हणून. तेही खोटं नव्हतं. नुसता तो द्रव हातावर घेतला असता तर काही झालं नसतं.

कपाशीवर अळी पडली तेव्हा तुळशीरामने फवारणीला देविदासला लावलं. देविदासला स्वतःचं शेत नव्हतं, तो रोजाने फवारायचा. आमच्याकडे फवारणीच्या विषाला औषध म्हणतात, आणि ते पानावर टिकावं म्हणून लोक त्यात काय काय मिसळतात, कोणी शाम्पू, कोणी धुण्याची पावडर. तुळशीरामने औषधाच्या पिंपात सरांच्या कॅनमधला एक लोटा ओतला. पंप जुना, झाकणातून झिरपणारा. देविदासची पाठ दिवसभर भिजत राहिली. साधं पाणी असतं तर वाळलं असतं, ओघळलं असतं. हे ओघळलं नाही. संध्याकाळी त्याला घाम फुटला, तोंडाला फेस आला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या. दर्यापूरहून अमरावतीला सरकारी दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी तो गेला.

त्या वर्षांत विषाने आलेला माणूस दिसला की पहिला प्रश्न एकच असायचा, किती प्याला? कसा प्याला, का प्याला, प्याला की नाही, हे कोणी विचारायचंच नाही. इतके पीत होते की दवाखान्याचाही इलाज नव्हता. देविदासच्या आईला विचारलं, घरी भांडण झालं होतं का? झालं होतं. त्याची बायको कमला राखीला माहेरी जायचं म्हणत होती, तो नको म्हणत होता, आणि ती रागाच्या भरात आळीसमोर बोलून गेली होती की मर तिकडं. झालं, कागदावर विष पिऊन मेला असं लिहिलं गेलं. सातबारावर नाव नव्हतं, त्यामुळे मेलेल्या शेतकऱ्यांच्या यादीत तो बसला नाही. पण गावाच्या तोंडात बसला. सासूने कमलाला घराबाहेर काढलं आणि चार वर्षांची पोरगी ठेवून घेतली. नवऱ्याला प्यायला लावणारीच्या हातात लेकरू देत नाही म्हणाली. कमला माहेरी गेली आणि गप्प झाली, कारण तिला स्वतःलाही तेच खरं वाटत होतं.

पुढच्या रविवारी सरांना कॅन उणा दिसला. तुळशीरामने कौतुकाने सांगितलं की तुझं पाणी लय भारी काम करते, एक थेंब खाली गळला नाही. सोमवारी सर प्रयोगशाळेत आले. दुपारी मला म्हणाले, बकऱ्याचं ताजं कातडं पाहिजे. ते काम माझ्याकडेच का आलं ते मी विचारलं नाही. एरवी विचारलं असतं आणि चांगलं सुनावलंही असतं. दोन बरण्यांच्या तोंडावर कातडं ताणून बांधलं. एकावर औषध साध्या पाण्यातलं, एकावर आमच्या द्रवातलं. दुसऱ्या बरणीत औषध कितीतरी आधी आणि कितीतरी जास्त उतरलं. सरांनी प्रयोग पुन्हा केला. मग तिसऱ्यांदा केला, आणि तिसऱ्यांदा करताना हा माणूस आपला शोध खोटा ठरावा म्हणून मनातून धावा करत होता, हे मला दिसत होतं.

सरांनी कळवल्यावर तिसऱ्या दिवशी तुळशीराम कॉलेजात आला. व्हरांड्यातल्या बाकावर बसून त्याने भावाचा हात धरला. मी दारात होते. तो म्हणाला, "देविदास तं गेला. आता मलेबी जेलात धाडतं काय? तुह्याच हातचं लिहेल होतं त्याच्यावर, मी वाचलं ना."

सर कुठेही काही बोलले नाहीत. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. कंपनीची माणसं यायची होती, समुद्रातली चाचणी ठरत होती, भावाच्या घरी पोलीस गेले असते. सरांनी खरं काय ते सांगणारं पत्र लिहिलं, पण टेबलाच्या खणातच ठेवलं. मी पण मूग गिळून बसले. माझी नोकरी पक्की व्हायची होती. स्वतःला समजावलं की सरांचा मामला आहे, मी कोण लागून गेले! असं समजावता येतं माणसाला, फार सोपं असतं ते.

दोन वर्षं गेली. सरांनी आठवी फेरी केली, नववी केली. चहात पट्टी बुडवणं बंद झालं. बरण्या तशाच पडू लागल्या, नावाशिवाय, आणि त्यांना ते दिसतही नव्हतं. वर्गात मध्येच थांबायचे आणि फळ्याकडे बघत राहायचे. मुलं हसायची. मी हसणाऱ्यांना झापायचे, तेवढंच माझं शौर्य.

मग एका सोमवारी ते आले आणि दार लावून घेऊन माझ्यासमोर बसले. आदल्या दिवशी दर्यापूरहून येताना जीपमध्ये दाटीवाटीत कमला त्यांच्या शेजारी बसली होती. तुळशीरामचे भाऊ म्हणून तिने ओळखलं. कोणी विचारलं नसताना तिने सांगितलं की माह्या एका शब्दानं गेला जी तो, दुसरं काही कारन नव्हतं. पोरीला कधीमधी शाळेच्या कुंपणाबाहेरून बघून येते म्हणाली. मग तिने सरांना विचारलं, तुम्ही शिकलेले आहात, बोललेला शब्द असा लागतो का हो माणसाला? हे सांगून सर मला म्हणाले, "मी खिडकीबाहेर पाहत बसलो, नसरीन. जीपमधून उतरेपर्यंत."

त्या आठवड्यात त्यांनी तीन पत्रं पाठवली. पोलिसांनी सांगितलं, प्रकरण बंद झालंय, कशाला उकरता? कंपनीने कळवलं की ठरलेल्या कामाबाहेर द्रव वापरला गेला त्याला कंपनी जबाबदार नाही. चाचणी पुढे सरांना न बोलावताच झाली म्हणतात. प्राचार्यांनी त्यांना सुट्टी घ्यायला सांगितलं. सरांनी राजीनामा दिला. तुळशीरामने बोलणं टाकलं ते कायमचंच. आणि रविवारी सकाळी सर कमलाला तिच्या माहेराहून घेऊन देविदासच्या आईच्या घरी निघाले. मला चल म्हणाले नाहीत. मीच गेले, दोन वर्षांनी का होईना, लाज वाटली म्हणून. कमलाला त्यांनी वाटेतच सगळं सांगितलं. ती ऐकून नुसती म्हणाली, मग तो प्याला नाही? सर म्हणाले, नाही. तिने पदर तोंडात कोंबला आणि गाव येईपर्यंत तशीच बसून राहिली.

म्हातारी अंगणात तूर पाखडत होती. पोरगी तिच्याजवळ मातीत खेळत होती, आता सहा वर्षांची झालेली. कमलाला पाहून म्हातारीने सूप खाली ठेवलं आणि शिवी देण्यासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात सर पुढे झाले.

"काकू, देविदास काही प्याला नव्हता," सर म्हणाले. "फवारनीच्या औषधात माह्या कॅनमधलं पानी मिसळलं होतं. त्यानं ते औषध अंगातून आत गेलं. मी तपासून पाह्यलं आहे, तीनदा. कमलाचा काही दोष नाही. दोष माहा आहे."

 म्हातारी रडेल असं मला वाटलं. शेजारची दोन-तीन माणसं कुडापाशी येऊन उभी राहिली होती. मग तिने विचारलं, "हे तुमाले कवा समजलं?"

इथे खोटं बोलता आलं असतं. कालच समजलं म्हटलं असतं तर कोणी तपासायला गेलं नसतं. माझ्या मनात हे येऊन गेलं, कबूल करते.

"तो गेला त्याच्या पुढच्याच आठवड्यात," सर म्हणाले.

म्हातारीचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, "दोन सालं मी हिले रांड म्हनलं, मास्तर. या लेकराले शिकवलं, तुह्या मायनं तुह्या बापाले मारलं. रोज शिकवलं, जेवाले बसली का शिकवलं. तुमाले ठाऊक होतं, आन तुमी मले शिकवू देलं."

 म्हातारीने पोरीच्या पाठीवर हात ठेवून तिला कमलाकडे ढकललं. जाय म्हणाली, तुही माय होय ते. पोरगी गेली नाही. कमलाने हात पुढे केला तशी ती किंचाळून आजीच्या लुगड्यात शिरली. म्हातारी तिची बोटं एकेक करून सोडवायला लागली आणि आता मात्र रडायला लागली. कमलाने तिला थांबवलं. राहू द्या आत्याबाई, म्हणाली, येईल हळूहळू, मी इथंच बसून राहीन. आणि ती उंबऱ्यापाशी खाली बसली.

मला तिथे थांबवेना. मी रस्त्यावर येऊन जीपमध्ये बसले. जीप भरायला चांगला अर्धा तास लागला, आणि तिथून अंगण दिसत होतं. कुडापाशी जमलेली माणसं निघून गेली. म्हातारीने डोळे पुसून पुन्हा सूप हातात घेतलं. सर ऊन चढत असताना अंगणाच्या मधोमध तसेच उभे होते. त्यांना कोणी बस म्हणालं नव्हतं, आणि जा असंही कोणी म्हणालं नव्हतं.